गल्ल्यातली बँक: बाजारगावातल्या किराणा दुकानाची पैसे काढायची सेवा

पांढरकवडा तालुक्यातल्या एका बाजारगावात एसटी थांब्यासमोरच्या किराणा दुकानात, सरकी ढेपेच्या पोत्यांशेजारी अंगठ्याचं मशीन ठेवलेलं आहे. इथे ढेप मिळते, मोबाइल रिचार्ज होतो, विजेचं बिल भरता येतं आणि आधार जोडलेल्या कुठल्याही बँकेच्या खात्यातून रोख रक्कमही निघते. रिझर्व्ह बँकेने 2006 साली बँकांना प्रतिनिधींमार्फत काम करायची मुभा दिली आणि 2009 मध्ये किराणा दुकानदारही त्यात आले. एटीएमसाठी तालुक्याला जायचं भाडं आणि मोडलेली मजुरी धरली तर सोय मोठी. पाचपैकी साडेतीन गुण.

दुकान बँकेचं काम करू शकतं, कारण त्याचा गल्ला रोज भरतो. दोन हजार काढले की खात्यातली रक्कम दुकानदाराच्या वॉलेटात, म्हणजे मोबाइलवरच्या डिजिटल खात्यात, जाते आणि तो गल्ल्यातून नोटा देतो. त्यामुळे रोख भरायला त्याला शाखेत जावं लागत नाही. पण पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता पडला की दुपारपर्यंत गल्ला रिकामा होतो. पैसे काढायला बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ बरी. आदल्या सांजेच्या विक्रीची रोख तेव्हा शिल्लक असते.

एका वेळी दहा हजारांपर्यंत निघतात. आधी शिल्लक पाहायला सांगा. बँकेचं नाव यादीतून निवडतात, तिथेच घोळ होतो: अनुदान जातं ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि माणूस पासबुक घेऊन येतो जुन्या बँकेचं. 2017 मध्ये तर सिमकार्डाच्या आधार पडताळणीतच ग्राहकांना न विचारता मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत (कर्ज न देणाऱ्या, मर्यादित कामाच्या बँकेत) खाती उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली. मोबाइल कंपनीच बँक झाली की असं होतं.

अंगठा न लागण्याची तक्रार कापूस वेचणीत आणि निंदणात वाढते. रेघा झिजलेल्या असतात, कातडी कोरडी पडते. उपाय साधा: हात साबणाने धुवायचे, ओल्या फडक्याने बोट किंचित दमट करायचं, मशीनची काच कोरड्या कापडाने पुसायची आणि ऊन तिच्यावर पडू द्यायचं नाही. "आजी, दाबू नका जी, नुसतं टेकवा," हे दुकानदाराचं सांगणं बरोबर आहे. दाबलं की रेघा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात. अंगठा चालत नसेल तर दुसरं बोट ठेवा.

जपायचं ते पुढे. "झालं नाही, पुन्हा ठेवा" म्हटलं की लगेच बोट ठेवू नका. आधी शिल्लक तपासा, कारण रेंज गेली तरी खात्यातून रक्कम कापली गेलेली असू शकते. पावती मागा, तिच्यावरचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पैसे कापले पण हाती आले नाहीत तर ते पाच दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई, हा 2019 चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार आपल्या खात्याच्या बँकेत करायची, दुकानात भांडून उपयोग नाही.

या दुकानात हजारामागे दहा रुपये वरून मागतात. ते देऊ नका. दुकानदाराचं कमिशन बँकेकडून येतं, ग्राहकाकडून थेट काही घ्यायला मनाई आहे.

दीड गुण मात्र उधारीच्या वहीसाठी कापले. हप्ता कधी पडला आणि शिल्लक किती, हे पडद्यावर दुकानदारालाच आधी दिसतं, आणि ढेपेची, तेलाची बाकीही त्याच्याच वहीत. मग दोन हजार काढायला गेलेल्या बाईच्या हातात अकराशे पडतात, "बाकी मागच्या खात्यात धरले" म्हणून. बँकेच्या कॅशियरला हे करता आलं नसतं. आधी पूर्ण रक्कम हातात घ्या, मोजा, मग उधारी वेगळी चुकती करा आणि वहीत रेघ मारून घ्या. आपली बँक आणि आपला सावकार एकाच काउंटरवर बसत असेल, तर अंगठा शेजारच्या गावातल्या दुकानात लावला तरी चालतो. खातं तेच, पैसेही तेच.