हार्टमेट ३ : वेंगुर्ल्यात साडेतीन वर्षं वापरल्यानंतर

ह्यांच्या थकलेल्या हृदयाला हार्टमेट ३ हा विजेवर चालणारा पंप बसवायचं बोलणं चाललं होतं, तेव्हा चेन्नईच्या डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो विजेचा. गावात लाईट किती वेळा जाते? मी खरं ते सांगितलं. पावसाळ्यात रोज जाते, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस काळोख होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आधी त्याची सोय करा, मग पंपाचं बोलू.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ समुद्राला लागून राहतो. हे व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनियर होते. २०१९ मध्ये मोठा हार्ट अटॅक आला आणि त्यानंतर हृदय थकतच गेलं. शेवटी शेवटी न्हाणीघरापर्यंत चालत गेले तरी दम लागायचा. फुप्फुसांतला दाब वाढलेला, त्यामुळे हृदय बदलण्याचा मार्ग तेव्हा बंद होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंप बसवला. सगळं मिळून एक कोटीच्या घरात गेलं. जहाजावरची आयुष्यभराची शिल्लक, माझ्या माहेरच्या जमिनीचा वाटा आणि दिरांनी दिलेले पैसे यात संपले. पंपाची माहिती शोधणाऱ्या बहुतेकांना हे आधी जाणून घ्यायचं असतं, म्हणून आधीच सांगितलं.

पंप म्हणून काय आहे, ते ह्यांच्याच शब्दांत सांगते. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला बसवलेला लहानसा पंप, आत चुंबकाच्या जोरावर तरंगणारं चाक. "बेअरिंग नाही. बेअरिंग नाही म्हणजे घासणं नाही, घासणं नाही म्हणजे रक्त चिरडणं कमी." ह्यांनी जन्मभर पंप उघडून दुरुस्त केलेले, त्यामुळे ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला धीर देत होते ते हेच. चाकाचा वेग ठरलेला असतो, ह्यांचा मिनिटाला ५४०० फेरे. पण दर दोन सेकंदांनी तो जरासा उतरतो आणि चढतो, म्हणजे आत रक्त साचून राहत नाही. पोटातून एक केबल बाहेर येते, ती कंबरेच्या कंट्रोलरला, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. झोपताना भिंतीतल्या विजेवर.

आकडेही सांगते, कारण मी ते पाठ केलेत. जुन्या हार्टमेट २ शी तुलना करणारी मोठी चाचणी झाली, हजारावर रुग्ण होते. दोन वर्षांत मेंदूचा झटका आला तो नव्या पंपात शंभरातल्या साधारण १० जणांना, जुन्यात १९ जणांना. पंपातच गुठळी होण्याचं प्रमाण जुन्यात शंभरात १४ च्या आसपास होतं, ते नव्यात एक-दीडवर आलं. पाच वर्षांनी जिवंत असणारे नव्यात ५८ टक्के, जुन्यात ४४. तिसरा एक पंप होता, मेडट्रॉनिकचा एचव्हीएडी. त्यात झटक्यांचं आणि मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं, बंद पडल्यावर पुन्हा सुरू न होण्याच्याही घटना झाल्या, म्हणून कंपनीने जून २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली. तेव्हा आज घ्यायचा तर हाच घ्या, असं मीही म्हणेन.

पण शंभरात दहा म्हणजे काय, ते मला १८ जुलै २०२३ ला कळलं.

आमचा सकाळचा नेम ठरलेला. हे चहा घेता घेता कंट्रोलरचं बटण दाबून आकडे वाचतात, मी वहीत लिहिते. वेग, फ्लो (मिनिटाला किती लिटर रक्त पुढे जातं), पल्स इंडेक्स (हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याचा अंदाज), पॉवर (पंपाला लागणारी वीज). त्या दिवशी वेग सांगितला, ५४००. मग "फ्लो..." म्हणून थांबले. मी मान खाली घालून पेन धरून बसलेली. पुन्हा "फ्लो... फ्लो..." मला वाटलं, चष्मा नाही म्हणून दिसत नसेल. मी स्वतःच वाकून वाचलं, ४.३. पॉवर ४.१. हिरवा दिवा. सगळं रोजच्यासारखं. मी तो आकडा लिहीतसुद्धा होते. तेवढ्यात शेजारचा मुलगा दूध घेऊन पडवीत आला आणि म्हणाला, "गो काकी, काकांचा तोंड वाकडा दिसता."

वर पाहिलं तर उजवा ओठ खाली ओघळलेला, आणि कपातला चहा लुंगीवर सांडत होता. ह्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

आमच्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. ते वारं घरातून जात असताना मी पंपाचे आकडे लिहीत होते. ज्यांच्या घरात हा पंप येणार आहे त्यांनी एवढं तरी मनात ठेवावं. कंट्रोलर स्वतःबद्दल सगळं सांगतो. बॅटरी उतरली की बोंबलतो, केबल सैल झाली की बोंबलतो, फ्लो अडीच लिटरच्या खाली गेला की लाल दिवा लावतो. मेंदूत गुठळी गेली तर तो गप्प असतो, कारण पंपाचं काम व्यवस्थित चाललेलं असतं.

सातार्डा, पेडणे, म्हापसा करत गोव्याला पोचायला पावसात दोन तास लागले. गाडीत मी चेन्नईच्या समन्वयक बाईंना फोन लावून ठेवला होता आणि तिथल्या डॉक्टरांच्या हातात तसाच दिला. ह्यांची नाडी लागत नाही, यंत्राने बीपी नीट येत नाही, एमआरआय कधीही करायचा नाही, हे सगळं मी एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून लॅमिनेट केलंय. त्या दिवशी त्याचा मोठा आधार झाला. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या पंपाच्या रुग्णाला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुधा देता येत नाही, रक्तस्रावाची भीती असते. मोठी नस बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढतात. ह्यांची लहान फांदी होती, त्यामुळे तेही नाही. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, निघाला १.६. हवा होता २ ते ३ च्या मध्ये.

१.६ कसा झाला? डॉक्टर म्हणाले, कारण एकच असं बोट ठेवता येत नाही. पण घरातलं मला माहीत होतं. जूनचा पहिला पाऊस पडला की आमच्या परसात टाकळा उगवतो, मग कुर्डू, मागोमाग अळू. ह्यांना टाकळ्याची भाजी म्हणजे जीव की प्राण. दोन वर्षं जहाजावर आणि दोन वर्षं आजारपणात मिळाली नव्हती, म्हणून त्या वर्षी मी रोज केली. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं आणि ते वॉरफरीनच्या, म्हणजे ह्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या, बरोबर उलट काम करतं. हिरवी भाजी बेताने असं कागदावर लिहिलेलं होतं. माझ्या डोक्यात हिरवी भाजी म्हणजे बाजारातला पालक, परसातला टाकळा मी त्यात धरलाच नव्हता. आणि त्याच पंधरवड्यात रस्त्यावर झाड पडलं म्हणून रक्ततपासणी एकदा पुढे ढकलली होती.

आता घरात आयएनआर मोजायचं हातात मावणारं यंत्र आहे. सोमवारी आणि गुरुवारी बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर, मिनिटभरात आकडा. महिन्यातून एकदा तोच आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून बघतो, कारण या यंत्रांचा आणि प्रयोगशाळेचा आकडा जुळतोच असं नाही, विशेषतः आकडा चढल्यावर. टाकळा पूर्ण बंद नाही. आठवड्यातून दोनदा, दर वेळी तेवढीच वाटी. डॉक्टरांचं म्हणणं, खा, पण सारखं खा. एका आठवड्यात ताटभर आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं नको.

दुसरी गोष्ट रक्तदाब. पंपाच्या माणसाचा दाब चढला की मेंदूतल्या झटक्याचा धोका वाढतो, रक्तस्रावाचा तर फारच. पंप अखंड ढकलत असल्यामुळे नाडी इतकी क्षीण असते की साधं यंत्र बहुतेक वेळा चुकतं. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खोबणीत जेल लावून डॉपलरचं (रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राचं) टोक ठेवायचं आणि हवा सोडत सोडत ऐकत राहायचं. आधी काहीच नाही, आणि मग लांबून लाट यावी तसा सूंऽऽ. जिथे तो सुरू होतो तो आकडा. आम्हाला ८५ च्या आत ठेवायला सांगितलंय. शिकायला मला महिना लागला. सुरुवातीला मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू यायची आणि तोच आवाज वाटायचा. आता शेजारच्या त्या मुलालाही शिकवलंय.

बाकीच्या त्रासांबद्दल थोडक्यात. नाकातून रक्त दोनदा आलं, एकदा शौचाला काळं झालं आणि हिमोग्लोबिन ८ वर आलं. चाकातून जाताना रक्त गोठवणारं एक मोठं प्रथिन तुटतं, म्हणून या लोकांना आतड्यातून रक्तस्राव होतो. जुन्या पंपांपेक्षा यात कमी, पण होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. हार्टमेट ३ च्या रुग्णांना ॲस्पिरिन न देता नुसतं वॉरफरीन दिलं, तर रक्तस्राव बराच कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. बऱ्याच जणांची ॲस्पिरिन त्यानंतर बंद झाली. ह्यांची चालू ठेवली, कारण झटका येऊन गेलाय. तेव्हा दुसऱ्याचं ऐकून आपली गोळी कोणी सोडू नये.

पोटातून केबल बाहेर येते ती जागा मात्र कोकणात राहणाऱ्यांनी जिवापाड जपावी. एप्रिल-मेच्या दमट हवेत बँडेजखाली घाम साचतो. पहिल्या उन्हाळ्यात तिथे लाली आली आणि अँटिबायोटिक घ्यावं लागलं. जंतू रक्तात गेले तर झटक्याचा धोकाही वाढतो, हे मला नंतर समजलं. मी आता दुपारी पंखा लावून, दार लावून, मास्क बांधून ड्रेसिंग करते. समुद्र कायमचा बंद. पंपाच्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही. चाळीस वर्षं ज्यांचं पोट समुद्रावर चाललं, ते आता संध्याकाळी पुळणीवर खुर्ची टाकून बसतात आणि भरतीचं पाणी पायाशी आलं की मी खुर्ची मागे घेते.

विजेचं म्हणाल तर आठ बॅटऱ्या आहेत. एक जोडी भरलेली असली की आम्हाला दहा-बारा तास आरामात जाते. चार्जरवर एका वेळी चार लागतात, चार तासांत भरतात. घरात इन्व्हर्टर आहे, मागे लहान जनरेटर आहे, आणि महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन ठेवलाय. बॅटरी एका वेळी एकच काढायची. बॅटरीवरचा आणि क्लिपवरचा बाण समोरासमोर आणायचा आणि टक् असा आवाज येईपर्यंत ढकलायचं. तो आवाज आल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम निघाल्या तर कंट्रोलरच्या पोटातली छोटी बॅटरी फक्त १५ मिनिटं सांभाळते. वादळाचा इशारा आला की आम्ही आठही भरून ठेवतो आणि उशाशी टॉर्च. साडेतीन वर्षांत पंप एक क्षणही थांबलेला नाही.

अलीकडचं एक. पंपातून महाधमनीकडे जाणाऱ्या नळीभोवती, आवरणाच्या आत, काही वर्षांनी पदार्थ साचून नळी दाबली जाऊ शकते, अशी सूचना २०२४ मध्ये कंपनीने दिली. फ्लो हळूहळू उतरत असेल तर सीटी काढून बघतात. म्हणून मी वहीतले फ्लोचे आकडे नुसते लिहीत नाही, महिन्याच्या शेवटी मागच्या महिन्याच्या शेजारी ठेवून बघते.

वहीत आता पाचवा रकाना आहे. आकडे वाचून झाले की ह्यांना हसायला सांगते, दोन्ही हात वर धरायला सांगते, आणि एक वाक्य बोलायला. वाक्य दर दिवशी वेगळं, नाहीतर पाठ होतं. झटक्यानंतर आठ महिने स्पीच थेरपी केली. बोलणं जवळजवळ पूर्ववत आहे, पण आकड्यांवर अजून अडखळतात. ४.३ ला कधी ३.४ म्हणतात, मग स्वतःच थांबून दुरुस्त करतात. उजव्या हाताने स्क्रू पिळता येत नाही, याचं ह्यांना फार वाटतं.

घ्यावा का? आमच्या बाबतीत पंप नसता तर २०२२ चा पावसाळा ह्यांनी पाहिला नसता, यात मला शंका नाही. आज हे बाजारात जातात, देवळापर्यंत चढ चढतात, नातवाला जहाजाची चित्रं काढून देतात. पण घरात वही लिहिणारं, डॉपलर ऐकणारं, रात्री अलार्मला उठणारं माणूस नसेल, तर पैसे असूनही घेऊ नये. आणि बसवण्याआधी हॉस्पिटलला विचारून घ्या, गावात झटका आला तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार. आमच्या समन्वयक बाईंनी दर वेळी उचललाय.

बॅटऱ्यांचं आयुष्य ३६ महिने किंवा ३६० वेळा चार्ज, यातलं जे आधी होईल ते. आमच्या या फेब्रुवारीत बदलायच्या झाल्या. चार बदलल्या, चार अजून बाकी आहेत, त्यांचे पैसे गणपतीनंतर जमतील.