व्होल्टेजवर फिरणारा फेज शिफ्टर: बडोद्यातील सात महिन्यांच्या वापरानंतर

चार घटकांच्या छोट्या अँटेनाची दिशा व्होल्टेजने वळवता यावी, म्हणून मी नोव्हेंबरमध्ये बेरियम स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या पातळ थराचा एक फेज शिफ्टर (सिग्नलच्या लहरीचा फेज, म्हणजे आवर्तनातील तिचे स्थान, मागेपुढे सरकवणारा भाग) घेतला आणि तेव्हापासून दांडिया बाजारातील घराच्या वरच्या मजल्यावर तो सतत वापरतो आहे. यातील ट्रान्समिशन लाइनवर (सिग्नल वाहून नेणाऱ्या मार्गावर) ठरावीक अंतराने या पदार्थाचे कॅपॅसिटर बसवलेले आहेत. डीसी व्होल्टेज वाढवले की पदार्थाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचे माप) घटतो, लाइनची धारिता (कॅपॅसिटन्स) कमी होते, लहरीचा वेग वाढतो आणि पलीकडे पोहोचणाऱ्या सिग्नलचा फेज बदलतो.

२.४ गिगाहर्ट्झला ० ते २० व्होल्टमध्ये मला सुमारे ११० अंशांचा बदल मिळतो, तोही पायऱ्यांनी नव्हे तर सलग. बायसचा, म्हणजे या नियंत्रक डीसी व्होल्टेजचा, प्रवाह तर माझ्या मीटरवर दिसतही नाही. धारिता घटताना लाइनचा इम्पिडन्स (लहरीला जाणवणारा विरोध) वाढतो, त्यामुळे रिटर्न लॉस (सिग्नल किती कमी परावर्तित होतो याचे माप) मधल्या व्होल्टेजला उत्तम आणि दोन्ही टोकांना थोडा खालावलेला असतो. सुरुवातीला प्रतिसाद मंद वाटला, पण दोष पदार्थाचा नव्हता: मीच बायसच्या वाटेत १०० किलोओहमचा रोधक आणि १० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर लावला होता, म्हणजे १ मिलिसेकंदाचा काळ तिथेच जात होता.

खरी अडचण मार्चमध्ये कळली. दुपारी व्होल्टेज शून्यावर ठेवून मी पंखा बंद केला आणि फेज मोजणाऱ्या अॅनालायझरच्या पडद्यावरची रेघ डोळ्यांदेखत सरकू लागली. पंखा लावताच ती हळूहळू परतली. खोली २४ वरून ३९ अंश सेल्सिअसवर गेली, तेव्हा शून्य व्होल्टला फेज १४ अंशांनी सरकला होता, १५ व्होल्टला मात्र केवळ ५ अंशांनी. क्युरी तापमानाच्या (ज्याच्या वर पदार्थातले आपोआपचे विद्युत ध्रुवीकरण नाहीसे होते त्या तापमानाच्या) वर या पदार्थाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक उष्णतेने घटतो आणि बायस दिल्यावर ही घट सौम्य होते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी विक्रेत्याच्या माहितीपत्रकात फक्त २५ अंश सेल्सिअसचे आकडे द्यावेत, याचे वाईट वाटले. आमच्याकडे मे महिन्यात बंद डब्यात ते तापमान कुठून येणार?

आता मी ५ व्होल्टच्या खाली उतरतच नाही. त्यात फेजचा बराच पल्ला हातचा जातो, कारण सुरुवातीच्या व्होल्टलाच बदल सर्वांत जास्त असतो. पण डब्यात तापमापक बसवून त्यानुसार व्होल्टेज दुरुस्त केल्यापासून अँटेनाचा झोत दुपारीही जागेवर राहतो. उरलेल्या तीन घटकांसाठी असेच तीन नग मागवले आहेत, मात्र या वेळी ४५ अंश सेल्सिअसवरची मोजमापे हाती आल्यावरच पैसे भरले.