लग्नात कुत्र्याला न्यायचं का? कार्यालय, घरची हळद की बोर्डिंग

"कुत्रंच तर आहे" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, घरातलंच लेकरू आहे ते आणि लग्नात हवंसं वाटणारच. फक्त ठरवताना फोटो नको, त्याचा स्वभाव बघा. गणपतीत ढोल-ताशा दारावरून गेला की ते पलंगाखाली जाऊन बसतं का? दिवाळीत थरथरतं का? उत्तर हो असेल तर कार्यालयाचा विषय तिथेच संपला.

कार्यालयात न्यायचं तर आधी मॅनेजरला विचारा, बऱ्याच ठिकाणी प्राणी चालत नाहीत, लॉन किंवा फार्महाऊसवर त्यामानाने सोपं जातं. पण खरी अडचण आवाजाची आहे, माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि कुत्र्याला 45,000 च्या आसपास, त्यात मंगलाष्टकं माईकवर, शेवटचं "सावधान" झालं की वाजंत्री एकदम सुरू, वरून अक्षता, शेजारी होमाचा धूर, आणि हे सगळं एप्रिल-मेच्या दुपारी! कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतात, त्यामुळे पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्यांना शेरवानी घालून उन्हात उभं करणं मला अजिबात पटत नाही, उष्माघाताने जीव जाऊ शकतो. गर्दीत निवांत बसणारं लॅब्राडोर असेल आणि संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर वीसेक मिनिटं आणा, फोटो काढा आणि घरी पाठवा.

माझं मत विचाराल तर घरची हळद किंवा साखरपुडा सगळ्यात बेस्ट. जागा ओळखीची, माणसं मोजकी, कंटाळलं तर आतल्या खोलीत जाऊन झोपतं आणि फोटोही जास्त छान येतात कारण ते खुशीत असतं. इथे सांभाळायचं ते खाणं, पाहुणे प्रेमाने भरवतात, पण कांदा-लसूण आणि चॉकलेट त्याला विषारी, आणि शिऱ्यातल्या बेदाण्यांनी किडनी फेल होऊ शकते, सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

बोर्डिंगचं, म्हणजे कुत्र्याला काही दिवस बाहेर सांभाळायला ठेवायचं म्हणाल तर लग्नसराईत जागा पटकन भरतात, लसीकरणाचं कार्ड मागतात, आणि आधी कधीच न राहिलेल्या कुत्र्याला नेमकं त्याच आठवड्यात सोडू नका, आधी एखादी रात्र ठेवून बघा. त्यापेक्षा ओळखीचं माणूस घरी थांबणार असेल तर उत्तमच.

तरी न्यायचंच असेल तर पट्टा कोणाच्या हातात ते आधी ठरवा. नवरा-नवरी नाही, करवली तर नाहीच, तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. कुत्रा ज्याचं ऐकतो असा एकच जण, त्याचं जेवण पहिल्या पंगतीला उरकून घ्या आणि गाडीची चावी त्याच्याकडेच ठेवा, म्हणजे ते घाबरून सारख्या जांभया द्यायला लागलं, ओठ चाटायला लागलं, शेपटी पायात घातली की कोणाला न विचारता तो त्याला घेऊन निघू शकेल.