‘सायटीस परमिट’सकट मगरीची बॅग: 54,500 रुपये गेले

हिशेब आधी. बॅगेचे 38,500, ‘सायटीस परमिट’चे (सायटीस म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) 6,200 आणि पार्सल मुंबईत अडकलंय म्हणून ‘कस्टम क्लिअरन्स’चे 9,800. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा वेगळं नाव. माल थायलंडचा आणि पैसे इथल्याच खात्यांत. कस्टम ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर कधीच जात नाही, हे मलाही माहीत होतं. पण 44,700 आधीच अडकले होते, ते सोडवायला आणखी भरले.

मी हावरटपणानं घेतली नाही. विक्रेत्याची मांडणी पक्की होती: सयामी मगर, जंगलातली नाही, नोंदणीकृत फार्मवर वाढवलेली, शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीनं 2018 मध्ये मगर-अजगराची कातडी बंद केली, म्हणून फार्मवर माल पडून आहे, म्हणून स्वस्त. फार्मवर मगर वाढवणं थायलंडमध्ये खरंच शक्य असतं आणि शनेलचंही खरं आहे. खऱ्याच्या आड खोटं लपवलं होतं. शनेलनं कारण दिलं होतं ते हेच, की आपल्या नीतिनिकषांत बसेल असं कातडं मिळणं कठीण झालंय. ते कारण या माणसानं सोयीनं गाळलं.

आता तो क्षण, ज्याचा मला अजून संताप येतो. परमिटचा फोटो आला. प्राण्याच्या रकान्यात सयामी मगर, त्यापुढे परिशिष्ट 1, म्हणजे सर्वांत धोक्यातल्या प्रजातींची यादी, आणि स्रोताच्या रकान्यात ‘डब्ल्यू’. डब्ल्यू म्हणजे जंगलातून पकडलेली. परिशिष्ट 1 मधल्या जंगली प्राण्याचा व्यापार होतच नाही. नोंदणीकृत फार्मच्या मालाला तिथे ‘डी’ लागतं. एक अक्षर. मी शिक्का पाहिला, सही पाहिली, क्रमांक पाहिला आणि ते अक्षर वाचून पुढे गेलो. वर त्यानं बॅगेला प्लास्टिकचा टॅग लावून फोटो पाठवला. सायटीसचा टॅग कातड्याला लागतो, शिवलेल्या बॅगेला नाही. तेही सोडलं.

बॅग आली ती गुरांच्या चामड्यावर प्लेटनं छाप मारलेली. सयामी मगरीच्या पोटाच्या खवल्यांवर मागच्या कडेशी एकेक बारीक टिंब असतं, सुई टोचल्यासारखं. ते भिंगातून शोधा. मगरीच्या नात्यातल्या ॲलिगेटरच्या पोटाला टिंब नसतं, पण बेंबीची जाळीदार खूण असते. माझ्या बॅगेवर दोन्ही नव्हतं; उलट तीच वाकडी चौकट दर 14 सेंटिमीटरवर परत येत होती. खऱ्या कातड्यात दोन खवल्यांमधली घडी पातळ असते आणि तिथेच वाकते. छापाच्या चामड्याची जाडी सगळीकडे सारखी, ते कुठेही वाकतं.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवून विचारलं, “बॅग मिळाली ना? मग फसवणूक कसली?” तिथून सायबरकडे, सायबरवाल्यांनी ग्राहक आयोगाकडे, तिथे विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मी तिथे कशाला गेलो असतो? वन खात्याच्या कचेरीत तर हद्द झाली. “हे गुरांचं आहे, आमचा विषय नाही. मगरीचं असतं तर आधी तुम्हालाच विचारलं असतं, आयातीची मंजुरी कुठाय?” खोटा परमिट फिरतोय, त्याचा फोटो माझ्याकडे आहे, तो कुणालाच नको होता. चार कचेऱ्या, अकरा फेऱ्या, आणि हातात एक पोच, तीही बिनतारखेची. पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी बॅग येईपर्यंत थांबलो, तोवर खाती रिकामी झाली होती.

आणि हेही लिहितो, कारण ‘फार्मची आहे’ या शब्दावर मी मनाचं समाधान करून घेतलं होतं. पोटावर ओरखडा पडला की कातड्याचा दर्जा उतरतो. म्हणून भारी मालासाठी मगरी एकमेकींना चावू नयेत अशा एकेकट्या कोंडवाड्यात वाढवतात. ‘एथिकल’ म्हणून मी पैसे मोजले ते याचे. परमिट खरा निघाला असता तरी हे बदललं नसतं.

ज्यावरून बॅग घेतली ते विक्रेत्याचं खातं आजही चालू आहे. आता त्यावर अजगराची पाकिटं आहेत, 12,900 रुपये, ‘भारतात रेस्क्यू केलेल्या अजगराची’ म्हणून. आपल्याकडचा अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रेस्क्यू असो वा मेलेला, त्याचं कातडं विकताच येत नाही. पाकिटांसोबतच्या परमिटचा फोटो मोठा करून पाहिला. क्रमांक माझ्याच बॅगेचा आहे.