सांतियागो ते मेंदोसा: अंतर चोख, मिनिटं बिनभरवशाची

दोन गावांची नावं टाकली की हवाई अंतर आणि विमानाचा वेळ सांगणाऱ्या मोफत साइट्स ढिगानं आहेत. त्यांची परीक्षा घ्यायला चिलीतलं सांतियागो आणि अर्जेंटिनातलं मेंदोसा ही जोडी उत्तम. नकाशावर शेजारी, मध्ये अँडीजची डोंगररांग.

अंतराला नावं ठेवायला जागा नाही. एक साइट १८० किमी सांगते, दुसरी १९६, आणि दोन्ही बरोबर. पहिली शहराच्या मध्यापासून मोजते, दुसरी विमानतळापासून. सांतियागोचा विमानतळ शहराच्या वायव्येला, मेंदोसापासून आणखी लांब आहे. पृथ्वी नेमका गोल धरल्याची चूक इथे फार तर एक किलोमीटर. शहराचं नाव टाकण्यापेक्षा एससीएल आणि एमडीझेड हे विमानतळांचे कोड टाका, नाहीतर सांतियागोऐवजी अर्जेंटिनातलंच सांतियागो देल एस्तेरो पदरात पडायचं.

घोळ आहे तो मिनिटांचा. साधी साइट १९६ ला ताशी ८०० नं भागते आणि १५ मिनिटं म्हणते. जरा शहाणी साइट चढ-उताराचा अर्धा तास मिळवून ४५ वर येते. वेळापत्रकात मात्र साधारण तास लिहिलेला असतो, कारण तो गेटपासून गेटपर्यंतचा: धावपट्टीपर्यंतचं रांगणं, रांगेतलं थांबणं, सगळं धरून. शिवाय अँडीजचं सर्वांत उंच शिखर आकोंकाग्वा ६,९६१ मीटरचं. त्या डोंगररांगेच्या बरंच वर चढायचं आणि चढून होतंय तोच उतरायला लागायचं, मग ८०० चा वेग टिकणार किती वेळ? पश्चिमेचा वारा डोंगरावर चढून पलीकडे लाटांसारखा कोसळतो, त्यामुळे पट्टे बांधूनच बसायचं. गरम कॉफीची आशा नको.

सरळ रेषा प्रत्येक विमानाला झेपते असंही नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये अपघात झालेलं उरुग्वे हवाई दलाचं फेअरचाइल्ड विमान याच प्रवासाला निघालं होतं, पण दक्षिणेकडच्या प्लांचोन खिंडीतून वळसा घालून. खिंड ओलांडून झाली असं समजून वैमानिकांनी उत्तरेला वळण लवकर घेतलं.

या साइट्सची सर्वांत मोठी उणीव घड्याळाची. अर्जेंटिना वर्षभर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) उणे ३ वर असतो. चिली हिवाळ्यात, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, उणे ४ वर जातो. तेव्हा मेंदोसाहून १० ला निघालेलं विमान सांतियागोला १० लाच पोचतं, आणि उलट फेरी तिकिटावर दोन तासांची दिसते. जोडविमान पकडायचं असेल तर हिशेब यावरूनच करा.

रस्त्याचा आकडा हवाई अंतराला ठरावीक पटीनं गुणून देणारी साइट सरळ बंद करावी. इथला रस्ता ३६० किमीच्या आसपास, जवळपास दुप्पट. सुमारे ३,२०० मीटरवरचा सीमेचा बोगदा, चिलीच्या बाजूला काराकोलेसची नागमोडी वळणं, बसला सात-एक तास. हिवाळ्यात बर्फानं घाट बंदही होतो. पेरूमधल्या लिमा–इकितोसचं हवाई अंतर हजारेक किमी, पण इकितोसला बाहेरून रस्ताच जात नाही. तिथे गुणाकार करणारी साइट लगेच उघडी पडते.

चिलीत उतरताना फळं, बिया, मांस यांची तपासणी असते. पिशवीत विसरलेलं सफरचंद जाहीर केलं नाही तर दंड होतो. विमानतळाबाहेर पडायला लागणारा हा वेळही कुठलीच साइट धरत नाही.