पीनो: द्राक्षांच्या दोन हंगामांनंतर

आधी निकाल सांगतो, कहाणी मागाहून. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालणाऱ्या सर्व्हरचे लॉग, म्हणजे कधी काय घडलं याच्या नोंदी, लिहिणारं पीनो हे पॅकेज मी द्राक्षांचे दोन हंगाम वापरलं. तिसऱ्यालाही तेच असणार. पाचपैकी चार तारे. पाचव्या ताऱ्याने माझी एक अख्खी रात्र खाल्ली, म्हणून तो देत नाही.

आमचं ऑफिस नाशिकच्या कॉलेज रोडला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. माणसं दोन, मी आणि एक ज्युनिअर. दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. शेतातून क्रेट येतात, टेबलावर बायका घड साफ करून पनेट (छोटे डबे) भरतात, अर्ध्या किलोचे दहा पनेट की पाच किलोची पेटी, आणि ती पेटी काट्यावर. काटे पाच. प्रत्येकाची सिरियल केबल एका जुन्या डेस्कटॉपला येते. त्यावर उबुंटू आहे, १२० जीबीची डिस्क आहे आणि बाजूला गणपतीचा फोटो आहे. हाच आमचा ‘सर्व्हर’.

पहिल्या वर्षी लॉगिंग म्हणजे कन्सोल डॉट लॉग, जावास्क्रिप्टमधली संदेश छापायची साधी आज्ञा. ‘इथे आलो’, ‘इथेपण आलो’, ‘आलं रे आलं’ असे संदेश मीच घातलेले, लपवत नाही. काटा सेकंदाला कितीतरी वेळा आकडा पाठवतो, आणि तो प्रत्येक आकडाही मी छापत होतो. प्रोसेस मॅनेजर, म्हणजे आमचा प्रोग्रॅम चालू ठेवणारा प्रोग्रॅम, ते सगळं इमानाने फाईलमध्ये साठवत राहिला. फाईल फिरवायला, म्हणजे जुनी काढून नवी सुरू करायला, आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. फेब्रुवारीत ऐन भरात डिस्क भरली आणि डेटाबेसने लिहायचं थांबवलं. पहाटे पावणेपाचला पॅकहाऊसच्या काकांचा फोन: “अरे दादा, कंटेनर दारात उभाय आणि तुझं मशिन पेटी घेईना.” गंगापूर रोडवरून दिंडोरीला इतक्या वेगाने मी आधी कधी गेलो नव्हतो.

त्यानंतर आठवडाभर विन्स्टन हे दुसरं लॉगिंग पॅकेज वापरून पाहिलं. वाईट नाही. लॉग कुठे पाठवायचे याचे पर्याय भरपूर, रोजची वेगळी फाईल करणारी जोडणीही मिळते. पण मांडणी ठरवण्यातच माझे दोन दिवस गेले. शिवाय नोंद किती गंभीर ते सांगणाऱ्या त्याच्या नेहमीच्या पातळ्यांमध्ये एरर शून्यावर आणि सिली सहावर, म्हणजे आकडा लहान तितकी भानगड मोठी. डोकं उलटं चालवावं लागतं.

पीनोमध्ये आकडे सरळ चढतात. ट्रेस १०, डीबग २०, इन्फो ३०, वॉर्न ४०, एरर ५०, फेटल ६०. काही न सांगता इन्फो आणि त्यावरचंच लिहितो, त्यामुळे काट्याचे कच्चे आकडे डीबगमध्ये ढकलले की डिस्कचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. हे पॅकेज २०१६ पासून आहे, फुकट आहे, एमआयटी परवाना आहे, आणि फास्टिफाय या वेब फ्रेमवर्कमध्ये तर ते आतूनच येतं. आमचं एक्सप्रेस या दुसऱ्या फ्रेमवर्कवर आहे, म्हणून वेब विनंत्यांचे लॉग लिहिणारं पीनो-एचटीटीपी वेगळं जोडलं. इटालियनमध्ये पीनो म्हणजे पाइनचं झाड. इंग्रजीत लॉग म्हणजे ओंडकाही, आणि ओंडक्याला झाड. नाव ठेवणाऱ्याला मानलं.

बसवायला पाच मिनिटं लागली. नीट बसवायला दोन दिवस. कारण त्याचे मूळचे पर्याय मशिनसाठी ठरवलेत, माणसासाठी नाहीत. प्रत्येक नोंद म्हणजे जेसनची, कंसात बांधलेल्या नाव-किंमत जोड्यांची, एक ओळ. तिच्यात वेळ असतो तो १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत. काकांनी स्क्रीन पाहिला आणि विचारलं, “हे तू लिहिलंस की मांजर कीबोर्डवरून गेलं?” वेळ आयएसओ स्वरूपात (वाचता येईल अशी तारीख-वेळ) लिहायची सोय आहे, पण ती यूटीसीमध्ये, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे नाशिकला पहाटे ३:१० ला काटा बंद पडला तर फाईलमध्ये आदल्या तारखेचे रात्रीचे २१:४० दिसतात. ज्युनिअर त्या गोंधळात दोन दिवस चुकीच्या पाळीच्या सुपरवायझरला जाब विचारत होता. बिचारा सुपरवायझर. शेवटी फाईलमध्ये यूटीसीच ठेवलं आणि वाचताना पीनो-प्रिटीला सिस्टिमच्या वेळेत दाखवायला सांगितलं. पीनो-प्रिटी रंगीत, मोकळ्या ओळी देतो. तो माझ्या लॅपटॉपवर असतो आणि बिघाड शोधताना टर्मिनलवर. सर्व्हरवर कायमचा लावायचा नाही, कारण पीनोचा वेग त्याच्या साध्या जेसनमध्येच आहे. तोच घालवला तर मग पीनो कशाला?

आता त्या ताऱ्याची गोष्ट. पीनोत आधी वस्तू (ऑब्जेक्ट) द्यायची, मग संदेश. म्हणजे लॉगर डॉट एरर, कंसात आधी पकडलेली चूक आणि मग ‘वजन जतन झालं नाही’. आपला हात कन्सोलला सरावलेला, तो आधी संदेश लिहितो आणि मागे चूक जोडतो. तसं केलं की पीनो ओरडत नाही, थांबत नाही. संदेश तेवढा छापतो आणि मागची चूक गिळून टाकतो, कारण संदेशात तिच्यासाठी जागाच सोडलेली नसते. मार्चमधल्या एका रात्री लॉगमध्ये ‘वजन जतन झालं नाही’ ही एकच ओळ शंभर वेळा होती. का झालं नाही, ते एकदाही नाही. पहाटे कळलं की डेटाबेसच्या जोडण्या संपत होत्या. मग कोड चाळला तर उलटा क्रम ३७ ठिकाणी, त्यातले निम्मे माझे. कागदपत्रांमध्ये हा क्रम स्पष्ट दिलाय, आणि लॉग लिहिण्याआधी मधे पडून क्रम सुलटा करणारा हुक लावायचीही सोय आहे. आम्ही तो लावला. तरी म्हणतो, चूक लिहिण्यासाठी घेतलेल्या वस्तूने चूकच गिळावी, हे मला पटत नाही.

लपवाछपवीची सोय मात्र झकास आहे. आमच्या नोंदींत शेतकऱ्याचा मोबाईल आणि बँक खाते असतं. रिडॅक्ट नावाच्या पर्यायात कुठले रकाने झाकायचे त्यांचे मार्ग दिले की त्या जागी फक्त ‘रिडॅक्टेड’ छापून येतं. पण तीन ठिकाणी जपा. तारांकनाचा मार्ग एकच पायरी उतरतो. शेतकऱ्याच्या आतला मोबाईल झाकला जातो, पावतीच्या आतल्या शेतकऱ्याचा उघडा राहतो, त्याचा मार्ग वेगळा लिहावा लागतो. दुसरं, संदेशाच्या वाक्यातच नंबर ओवला असेल तर त्याला कुणी हात लावत नाही. तिसरं, पीनो-एचटीटीपी प्रत्येक विनंतीचे हेडर जसेच्या तसे लिहितो, म्हणजे लॉगिनचं टोकन आणि कुकीसुद्धा. हे दोन मार्ग मी पहिल्याच दिवशी घालायला हवे होते. घातले तिसऱ्या आठवड्यात.

ज्यासाठी मी पीनो सोडणार नाही ती गोष्ट म्हणजे चाइल्ड लॉगर. मूळ लॉगरपासून प्रत्येक काट्यासाठी एक पोर काढलं आणि त्याच्या गळ्यात काट्याचा नंबर बांधला. आता त्या काट्याची प्रत्येक ओळ आपला नंबर घेऊनच येते, कोडमध्ये पुन्हा कुठे लिहायचा नाही. गेल्या हंगामात तीन नंबरचा काटा मधूनच उणे वजन दाखवायचा. मेकॅनिक दोनदा येऊन ‘काटा ओके आहे’ म्हणून गेला. मी जेक्यूने (जेसनच्या ओळी गाळणारं टूल) फक्त तीन नंबरच्या, वॉर्न आणि त्यावरच्या ओळी काढल्या आणि वेळा एकाखाली एक लावल्या. दर वीस-बावीस मिनिटांनी एक झुबका. काकांना फोनवर विचारलं, वीस मिनिटांनी तिथे काय होतं? ते म्हणाले, “प्रीकूलिंगचा कॉम्प्रेसर चालू होतो की.” तीन नंबरची केबल द्राक्षं थंड करणाऱ्या त्या कॉम्प्रेसरच्या वायरीला चिकटून गेली होती. केबल हलवली, प्रश्न संपला. कन्सोलच्या ढिगाऱ्यात हे मला जन्मात सापडलं नसतं.

तपास चालू असताना डीबग सुरू करायला सर्व्हर बंद-चालू करायचा नव्हता. पीनोची पातळी चालू असतानाच बदलता येते, म्हणून एक सिग्नल (चालू प्रोग्रॅमला बाहेरून द्यायची खूण) बांधला, तो पाठवला की डीबग सुरू. यूजर-वन सिग्नल घेऊ नका, तो नोडने डीबगरसाठी राखून ठेवलाय, यूजर-टू घ्या. आणि मूळ लॉगरची पातळी बदलली म्हणून आधीच जन्मलेली पोरं बदलत नाहीत, त्यांची ज्याची त्याची बदलावी लागते. यात माझी अर्धी दुपार गेली.

फाईल फिरवणं मी पीनोकडे दिलंच नाही. आता तो फक्त स्टॅंडर्ड आउटपुटवर लिहितो, पुढचं सिस्टिमडीचं जर्नल (सिस्टिमची स्वतःची नोंदवही) बघतं, आणि त्याला दोन जीबीची मर्यादा घातली आहे. डिस्क पुन्हा भरलेली नाही. आवृत्ती सात, म्हणजे २०२१ पासून, लॉग वेगळ्या वर्कर थ्रेडमधून, म्हणजे मुख्य कामाच्या बाजूला चालणाऱ्या धाग्यातून, पाठवायची सोय आहे. मला गरज पडली नाही. मेमरीत साठवून एकगठ्ठा लिहायचा पर्यायही पाहून सोडून दिला. त्यात वेग मिळतो, पण प्रोग्रॅम अचानक मेला तर शेवटच्या ओळी मेमरीतच राहतात, आणि मला तर नेमक्या त्याच ओळी हव्या असतात. पाच काट्यांच्या पॅकहाऊसला एवढ्या वेगाचं काय लोणचं घालायचंय?

तुमचा सर्व्हर एकच असेल, लॉग डोळ्यांनीच वाचायचे असतील आणि जेक्यू शिकायची इच्छा नसेल, तर विन्स्टनवर सुखी राहाल. बाकीच्यांनी पीनो घ्यावं.

काकांनी आता पिंपळगाव बसवंतला दुसरं पॅकहाऊस घेतलंय, आठ काटे. जानेवारीच्या आत बसवायचंय. परवा मोजमाप घ्यायला गेलो तर इलेक्ट्रिशियन कॉम्प्रेसरच्या वायरी ओढत होता. मी काही बोलायच्या आतच काका त्याला म्हणाले, “काट्याच्या केबलपासून लांब घे रे. नाहीतर हा पोरगा पहाटे मलाच फोन करून वेळ विचारत बसतो.”