बी.आर्क. की सिव्हिल?

भाचीची बारावी झाली. गणित बरं, चित्रकला उत्तम, आणि घरात दोन तट. कॉलेजांच्या फ्लेक्सवरचं ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ बाजूला ठेवू.

सिव्हिलला चार वर्षं, आर्किटेक्चरला (म्हणजे बी.आर्क.ला) पाच. सिव्हिलला सीईटी, तर आर्किटेक्चरला नाटा ही वेगळी प्रवेशपरीक्षा.

खर्चात फीपेक्षा वरखर्च बघा. आर्किटेक्चरला मॉडेलचं सामान, मोठ्या शीटच्या प्रिंट, दणकट लॅपटॉप, अभ्याससहली हे पाचही वर्षं चालू राहतं.

मेहनतीचं विचाराल तर, रात्रभर जागून केलेलं डिझाइन ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर मांडताना, दोन मिनिटांत मोडीत निघतं आणि पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं. ज्याला हे अपमानासारखं वाटतं, त्याने तिकडे फिरकू नये. सिव्हिलचा अभ्यास परीक्षेच्या तोंडावर उरकता येतो (इंजिनिअर मंडळी रागावतील).

कमाईत सुरुवातीला सिव्हिल पुढे. साइट, ठेकेदारी, शिवाय बांधकाम आणि जलसंपदा खात्यांच्या भरत्या. नाशकात तर ‘मेरी’सारखी सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थाच आहे. नव्या आर्किटेक्टचा पगार तुटपुंजा. स्वतःचं ऑफिस गंगापूर रोडला थाटलं तरी ओळखी जमायला वर्षं जातात. मात्र १९७२ च्या कायद्यामुळे वास्तुकला परिषदेकडे (कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर) नोंदणी असल्याशिवाय ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावता येत नाही.

घरात लवकर पगार हवा असेल किंवा सरकारी नोकरीवर डोळा असेल, तर सिव्हिल. पंचवटीतला जुना वाडा पाहून उजेड कुठून येतो हे जिला आपसूक दिसतं, आणि घरचे काही वर्षं थांबू शकतात, तिने बी.आर्क. घ्यावं. भाचीला मी तेच सांगितलं.